थोरलीचं सोवळं

आठ वर्षांच्या अबोल्यानंतर धाकटी जाऊ थोरलीशी पहिलं वाक्य बोलली ते घराच्या जिन्यात, हातात भाजीची पिशवी धरून.

"वहिनी, बोक्याला ती लस देऊ नका."

थोरली चार पायऱ्या वर होती. आधी तिला वाटलं, ही फोनवर कुणाशी तरी बोलते आहे. मागे वळून पाहिलं तर धाकटीच्या हातात फोन नव्हता आणि जिन्यात तिसरं कुणी नव्हतं. म्हणजे बाईसाहेबांना वाचा फुटली होती ती आपल्यासाठीच.

"मला म्हणालीस?"

"तुम्हालाच. लस चालत नाही तुमची. पोराला टोचू नका."

थोरली तोंडातल्या तोंडात जे पुटपुटली ते इथे लिहिण्यासारखं नाही. मोठ्याने ती एवढंच म्हणाली, "जळतेस ना? जळ!" आणि वर जाऊन तिने दार असं आपटलं की खालच्या मजल्यावर सासूबाईंच्या बशीतला चहा सांडला.

या दोघी सख्ख्या जावा. एकाच घरात दिलेल्या, एकाच संस्थेत नोकरीला, आणि कहर म्हणजे एकाच विषाणूच्या मागे हात धुऊन लागलेल्या. थोरली वरच्या मजल्यावर राहायची, धाकटी खालच्या. संस्थेतही एकीची प्रयोगशाळा बोळाच्या या अंगाला तर दुसरीची त्या अंगाला. सासूबाई दुपारी खाली जेवायच्या, रात्री वर, आणि दोन्हीकडे तोंड शिवून बसायच्या. बोका हा थोरलीच्या लेकीचा मुलगा, सात महिन्यांचा. डोळे मिटून एका दमात बाटली संपवायचा, म्हणून बोका. वेळेआधी जन्मलेला, छातीने नाजूक. माहेरी राहणारी लेक कामावर गेली की तो दिवसभर खाली सासूबाईंजवळ असायचा आणि संध्याकाळपासून धाकटीकडे, कारण धाकटीला मूल नव्हतं आणि बोक्याला तिच्या खांद्याशिवाय झोप येत नव्हती. ही गोष्ट थोरलीला अजिबात खपत नसे, पण पोराला कोण समजावणार?

आता तो विषाणू. मोठ्या माणसाला तो सर्दी-खोकल्यावर सोडून देतो आणि तान्ह्या पोराचा श्वास कोंडतो. हिवाळा आला की मुलांच्या वॉर्डात खाटा पुरत नाहीत. थोरलीने उमेदीची सगळी वर्षं एकाच प्रश्नावर घातली होती : हा मेला पेशीत शिरतो कसा? विषाणूच्या अंगावर बारीक खुंट असतात. खुंट पेशीला चिकटतो, पण नुसतं चिकटून दार उघडत नाही. त्या खुंटाला एक काप बसावा लागतो. काप बसला की त्याची आतली बाजू उघडी पडते, खुंट उलगडतो, पेशीच्या पडद्यात घुसतो, आणि मग विषाणू आपलं बिऱ्हाड आत हलवतो. थोरलीची लस त्या आतल्या बाजूवर बेतलेली होती. लस टोचली की रक्तात जी प्रतिपिंडं तयार होत, ती उघडी पडलेली बाजू गच्च धरत आणि खुंट उलगडायचाच थांबे. सशांच्या रक्तात ते दिसलं. मग मोठ्या माणसांना लस टोचली. कुणाला काही अपाय झाला नाही, आणि त्यांच्या रक्तातही तेच दिसलं. आता पाळी तान्ह्या मुलांची होती. शुक्रवारी समितीची बैठक होती. समितीने होकार दिला की पुढच्या आठवड्यात सुया निघणार होत्या, आणि थोरलीने टीव्हीवर मुलाखतीत छातीठोकपणे सांगून टाकलं होतं, "पहिली सुई माझ्या नातवाला." तिच्या लेकीने कागदावर सहीसुद्धा केली होती.

गंमत अशी की धाकटीला या घरात आणली थोरलीनेच. ती तिची विद्यार्थिनी. असा हात, अशी नजर दुसऱ्या कुणाची नाही, असं म्हणत थोरलीने तिला डोक्यावर बसवली, घरी जेवायला बोलावली आणि शेवटी धाकट्या दिराच्या गळ्यात बांधली. लग्नानंतर धाकटीला स्वतःची प्रयोगशाळा मिळाली आणि माशी तिथेच शिंकली. पहिल्याच वर्षी संस्थेच्या भरसभेत थोरली बोलत असताना धाकटी मागच्या रांगेतून उठली आणि तिने एक प्रश्न विचारला. थोरलीला तो प्रश्न आता आठवतही नव्हता. स्वतःचं उत्तर मात्र तिला शब्दन् शब्द पाठ होतं, आणि संस्थेतल्या निम्म्या लोकांनाही होतं : "घरी भाजीत मीठ घालायचं लक्षात राहत नाही, आणि इथे येऊन मला काय घालायचं ते शिकवते!"

सगळं सभागृह खो खो हसलं होतं. संचालकांना तर ठसका लागला. धाकटी खाली बसली, आणि त्या दिवसापासून अबोला.

अबोलाही कसा, तर पक्का. घरी मीठ हवं असेल तर "कुणीतरी मीठ सरकवा." संस्थेत निरोपासाठी एक सहायक होता. त्याला सगळे कळलाव्या म्हणत. हा माणूस बोळाच्या या टोकाकडून त्या टोकाकडे जाईपर्यंत निरोपाला शिंगं आणि शेपूट दोन्ही लावायचा. दोघींची भांडणं त्याने पदरचं तेल घालून तेवत ठेवली होती, आणि त्यात त्याला कोण आनंद!

तर जिन्यातल्या वाक्याने थोरलीचं जेवण गेलं. नवरा भिडस्त. तो ताटात बघत म्हणाला, "एवढी आठ वर्षं बोलली नाही, आणि आज बोलली. काहीतरी असेल. एकदा बघायला काय जातं?"

"तुम्ही तुमच्या भावजयीची वकिली करू नका. तिला माझं नाव मातीत घालायचंय. पोराचं निमित्त करते आहे."

लेक बोक्याला मांडीवर घेऊन बसली होती. "आई, नक्की काय म्हणाली काकू?"

"काही नाही. जळफळाट."

लेकीने पुढे विचारलं नाही, पण तिने बोक्याला जरा जवळ ओढून घेतलं. ते थोरलीला दिसलं, आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. स्वतःच्या पोटची पोर, आणि तिच्या मनात शंका यावी! धाकटीला आता पुराव्यानिशी तोंडघशी पाडायचीच, असं तिने तिथल्या तिथे ठरवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कळलाव्याला बोलावलं. "पलीकडे जा आणि विचार, माझ्या लशीत काय खोट आहे म्हणावं. एका वाक्यात सांगा म्हणावं. आणि त्यात तुझी भर घातलीस तर याद राख."

कळलाव्या गेला आणि लगेच परत आला. यावेळी त्याचा चेहरा पडलेला होता, कारण निरोपात भर घालायला जागाच नव्हती. "मॅडम, त्या म्हणाल्या, विचार त्यांना, सीरम घालत नाही, मग ट्रिप्सिन थांबतं कशाने?"

थोरलीने पेन खाली ठेवलं. हाच प्रश्न. आठ वर्षांपूर्वी मागच्या रांगेतून उठून धाकटीने हाच, अगदी याच शब्दांत, विचारला होता. भाजीतल्या मिठाच्या विनोदाखाली तो इतकी वर्षं गाडला गेला होता.

इथे थोरलीचं सोवळं सांगायला हवं. पेशी बाटलीत वाढवल्या की तळाला चिकटून बसतात. त्या सुट्या करायला ट्रिप्सिन घालतात. हे एक विकर आहे, चिकटलेल्या पेशींचे धागे ते कापून टाकतं. काम झालं की त्याला थांबवावं लागतं, नाहीतर ते कापतच राहतं. जगभर लोक त्यासाठी वासराचं सीरम, म्हणजे गोठलेल्या रक्तावरचं पाणी, घालतात. सीरम पडलं की ट्रिप्सिन गप्प. पण थोरलीला सीरमचा तिटकारा. "जनावराच्या रक्तातलं गाळसाळ. त्यात काय काय असतं ते देव जाणे, आणि मग आकडे नासतात." तिच्या प्रयोगशाळेत पेशी सीरमशिवायच्या महागड्या मिडियममध्ये, म्हणजे पोषक द्रवात, वाढायच्या, आणि ट्रिप्सिन नुसतं एकदा धुऊन काढायचं. वर वेळ वाचावा म्हणून सुट्या केलेल्या पेशी आणि विषाणू लगेच एकाच बशीत सोडायचे, ही तिच्या इथली पद्धत. नवीन आलेल्या मुलीने चुकून सीरमची बाटली आत आणली, तर थोरली तिला बाटलीसकट बाहेर काढायची. संस्थेत याला थोरलीचं सोवळं म्हणत, आणि ते तिच्या कानावर आलं तरी तिला अभिमानच वाटे.

"एकदा धुतलं की पुरे होतं," ती कळलाव्याला म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की आपण उत्तर कळलाव्याला देतोय. "जा तू. आणि आज माझ्या खोलीत कुणी यायचं नाही."

तिने बरीच वर्षं स्वतः पेशींना हात लावला नव्हता. पण हात विसरले नव्हते. तिने हातमोजे चढवले, हवेचा पंखा चालू केला, इन्क्युबेटरमधून माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींची बाटली काढली आणि दोन वाटे केले. एक वाटा तिच्या सोवळ्यातला : ट्रिप्सिन, एक धुणं, आणि थेट बशीत. दुसऱ्या वाट्यात तिने नाक मुरडत, शेजारच्या विभागातून मागून आणलेलं सीरम घातलं, मग तेही दोनदा धुऊन काढलं. दोन्हीकडे लस टोचलेल्या सशांची प्रतिपिंडं, आणि दोन्हीकडे तोच विषाणू. विषाणू निरुपद्रवी केलेला होता. त्याच्या अंगावर खुंट खरे होते, पण पोटात नुसता हिरवा दिवा. तो ज्या पेशीत शिरेल ती पेशी हिरवी चमकणार, आणि ज्या पेशीच्या दाराशी अडवला जाईल ती काळीच राहणार. दोन दिवसांनी बघायचं.

ते दोन दिवस तिने घरी सगळ्यांना फाडून खाल्लं. सासूबाईंनी तर रात्रीचं जेवणही खालीच उरकून घेतलं.

बुधवारी दुपारी ती सूक्ष्मदर्शकापाशी बसली. पहिली बशी काळीभोर, म्हणजे विषाणू सगळा अडवलेला. हाच काळोख तिने वर्षानुवर्षं पाहिला होता, पडद्यावर दाखवला होता, टाळ्या घेतल्या होत्या. तिने दुसरी बशी खाली सरकवली.

हिरवे ठिपके. फार नव्हते, पण होते, इकडे, तिकडे, कडेला, मधोमध. प्रतिपिंडं असून नसल्यासारखी होती. तिने बशी फिरवली, परत आणली, डोळे पुसले, बशीतल्याच शेजारच्या खळग्यात पाहिलं. तिथेही तेच.

आता तिला काही समजावून घ्यायची गरज नव्हती. खुंटाचं उभं आयुष्य तिला पाठ होतं. तिच्या बशीत ट्रिप्सिन मागे उरत होतं. ते पेशी सुट्या करून थांबत नव्हतं. विषाणू मिडियममध्ये तरंगत असतानाच त्याच्या खुंटांना काप देत होतं. आतली बाजू आयतीच उघडी पडायची आणि तिची प्रतिपिंडं तिला आरामात धरायची. पण पोराच्या छातीत बाटलीतलं ट्रिप्सिन नसतं. तिथे विषाणू आधी पेशीला बिलगतो आणि काप अगदी शेवटच्या क्षणाला बसतो. त्या फटीत प्रतिपिंडाचा हात शिरत नाही. इतकी वर्षं ती ज्या चोराला पकडत होती, त्याच्या मुसक्या तिने स्वतःच आधी बांधून दिल्या होत्या.

खोलीत कुणी नव्हतं. बशी कचऱ्यात टाकली असती तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात पहिला विचार आला तो हाच. दुसरा त्याहून वाईट होता : बोक्याला बारीक ताप आहे म्हणून सांगू, त्याचं नाव काढू, बाकीचं होऊ दे. मोठ्यांना काही झालं नाही, मग पोरांना काय होणार आहे? तिला माहीत होतं काय होऊ शकतं. चिकटणारी पण न अडवणारी प्रतिपिंडं तान्ह्या पोरात कधी कधी आजार दुप्पट करतात, हे ती स्वतः दरवर्षी नव्या मुलांना शिकवायची. तरीही तो विचार बराच वेळ तिच्याजवळ बसून राहिला. मग तिला स्वतःची अशी काही शिसारी आली की ती ताडकन उठली, बोळ ओलांडला आणि दार न वाजवता धाकटीच्या प्रयोगशाळेत शिरली.

धाकटी एका बशीवर वाकलेली होती. तिच्या पेशी माणसाच्या श्वासनळीतून घेतलेल्या, वरून हवा आणि खालून मिडियम देऊन जोपासलेल्या. त्यांच्या अंगावर बारीक केस हलायचे. थोरली या प्रकाराला "तिचा बागबगीचा" म्हणून हिणवायची.

"तुला कधीपासून माहीत आहे?" थोरलीने विचारलं.

धाकटीने मान वर केली. मग शांतपणे हातमोजे काढले. "पाहिलंत वाटतं."

"मी विचारतेय त्याचं उत्तर दे."

"दोन वर्षं. मध्यवर्ती फ्रिजमध्ये तुमच्या सशांचं रक्त होतं. माझ्या पेशींवर घालून पाहिलं. विषाणू खुशाल आत. तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच."

"दोन वर्षं!" थोरलीचा आवाज चढला. बोळात कळलाव्याची पावलं थबकली. "दोन वर्षं तू गिळून गप्प बसलीस? तोवर मी मोठ्या माणसांना टोचून मोकळी झाले! तान्ह्या पोरांपर्यंत आले!"

"मोठ्यांना त्याने काही होत नाही. तुम्हालाही माहीत आहे."

"आणि पोरांचं काय? वाट बघत होतीस? मी तोंडावर कधी आपटते याची?"

"हो," धाकटी म्हणाली.

इतकं सरळ उत्तर येईल असं थोरलीला वाटलं नव्हतं.

"हो, बघत होते वाट. सगळं छापून आणायचं ठरवलं होतं, मोठ्ठं, तुमच्या नावासकट. पोरांच्या परवानगीपर्यंत प्रकरण जाणार नाही असं वाटलं होतं, समितीत कुणीतरी विचारेल. कुणी विचारलं नाही. सगळे तुम्हाला घाबरतात. मग तुम्ही टीव्हीवर बोक्याचं नाव घेतलंत."

"म्हणजे बोक्याचं नाव निघालं नसतं तर तू बोललीच नसतीस. बाकीची पोरं उकिरड्यावर पडलेली, होय ना? त्यांना आया नाहीत?" हे म्हणताना थोरलीचे कान तापले, कारण तासाभरापूर्वी तिच्या स्वतःच्या मनातही तेच आलं होतं. पण म्हणून ती थांबली नाही. "तुझ्यासारखी विषारी बाई मी आयुष्यात पाहिली नाही. मीच तुला घरात आणली. माझीच अक्कल शेण खायला गेली होती!"

धाकटीने हातमोजे टेबलावर ठेवले. "मी विचारलं होतं, वहिनी. पहिल्याच वर्षी विचारलं होतं, सगळ्यांसमोर, नीट, मॅडम म्हणून. तुम्ही सगळ्यांना हसवलंत. मी त्या रात्री घरी येऊन भाजी चाखून पाहिली. मीठ बरोबर होतं."

थोरली नेहमी जे करायची तेच तिने केलं. दार आपटून निघून गेली.

शुक्रवारी समितीसमोर थोरलीने दोन्ही बशांची चित्रं लावली. एक काळी, एक हिरव्या ठिपक्यांची. ती म्हणाली, "चूक माझी आहे. लस मागे घेते." अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि विचारलं, "ही चूक शोधली कुणी?"

इथे ती थांबू शकली असती. "आम्हीच शोधली" म्हणाली असती तरी ते खोटं ठरलं नसतं. पण मनाचा मोठेपणा आणि मनातला डंख एकाच वेळी वर आले, आणि कुठला आधी आला हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

"माझ्या धाकट्या जाऊबाईंनी," ती म्हणाली. "दोन वर्षांपूर्वी."

'दोन वर्षांपूर्वी' हे शब्द अध्यक्षांनी बरोबर पकडले. थोरलीची प्रयोगशाळा निम्मी झाली, विभागप्रमुखाची खुर्ची गेली. इतके दिवस गप्प बसल्याबद्दल धाकटीचीही चौकशी लागली, बढती अडली, आणि ज्या सभागृहात एकदा तिला हसले होते तिथेच आता तिच्याकडे पाहून लोक कुजबुजायला लागले. दोघींची अब्रू एकाच दिवशी, एकाच टेबलावर गेली. घरी येऊन धाकटी जिन्यातच ओरडली, "समाधान झालं?" आणि वरून थोरली ओरडली, "तुझं झालं का?" अबोला संपला होता. आता त्या रोज बोलत होत्या, जिन्यात, स्वयंपाकघरात, संस्थेच्या बोळात, आणि असं बोलत होत्या की सासूबाई म्हणायला लागल्या, "अबोला बरा होता गं बायांनो. निदान घरात डुलकी तरी लागायची."

कळलाव्याचा धंदा मात्र बसला. त्याला आता काही पोचवायला उरलं नव्हतं.

खुंट नव्याने घडवायचा होता. उघडी बाजू सोडून, काप बसण्याआधीचा खुंट जसाच्या तसा मिटलेला ठेवायचा, म्हणजे प्रतिपिंडं त्याला दूरवरच धरतील. हे काम एकीच्या आवाक्यातलं नव्हतं. खुंट थोरलीला कळायचा आणि श्वासनळीच्या पेशी धाकटीकडे होत्या. दोघी एकाच टेबलाशी बसून, एकमेकींवर दातओठ खात, ते काम करत होत्या. काम चांगलं चाललं होतं. पण लस काही रात्रीत होत नाही. सशांपासून सगळी वाट पुन्हा चालायची होती.

तोवर हिवाळा आला.

बोक्याला आधी नुसती सर्दी झाली. मग त्याने बाटली अर्धी टाकली. बोक्याने बाटली टाकली, हे ऐकताच दोघी दोन मजल्यांवरून धावत आल्या. पोराच्या बरगड्यांमधली कातडी दर श्वासाला आत ओढली जात होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. त्यांना तपासणीच्या अहवालाची गरज नव्हती.

वॉर्डात बोक्याच्या नाकाला प्राणवायूची नळी लावली आणि खाटेच्या एका बाजूला थोरली, दुसऱ्या बाजूला धाकटी बसली. लेक पायथ्याशी. त्याच्या छातीत आत्ता काय चाललंय ते दोघींना पायरी पायरीने ठाऊक होतं : कुठे चिकटला असेल, कधी काप बसला असेल, खुंट कसा उलगडला असेल. जगात फार थोड्या माणसांना हे इतकं नेमकं ठाऊक होतं. आणि दोघींच्या हातात करण्यासारखं काम एकच होतं, नळी सरकली तर नीट लावायची. त्यावरूनही त्यांचं जुंपलं.

"ओढू नकोस एवढी."

"मी ओढत नाहीये. तुमचा हात काढा."

"दोन वर्षं आधी तोंड उघडलं असतंस," थोरली दात आवळून म्हणाली, "तर या हिवाळ्यात याला सुई मिळाली असती."

"आठ वर्षं आधी कान उघडले असतेत," धाकटी म्हणाली, "तर दोन हिवाळ्यांपूर्वीच मिळाली असती. सगळ्यांना."

"बास करा!" लेक कळवळून म्हणाली. "बास करा दोघी!"

बोक्याची छाती वरखाली होत राहिली. सकाळी डॉक्टरांनी नळीचा जोर थोडा कमी केला, आणि दुपारी त्याने डोळे मिटून पाव बाटली ओढली. लेक ढसाढसा रडली. धाकटीने त्याला खांद्यावर घेतलं, आणि थोरलीने नळी अडकू नये म्हणून सावरून दिली.

शेजारच्या खाटेवरचं मूल त्याहून लहान होतं. त्याला सकाळीच आत नेलं होतं, श्वासाच्या यंत्रावर. खाट मोकळी होती आणि त्याची आई तिच्या कडेला, हातात दोन इवलेसे लोकरी मोजे घेऊन बसली होती. ती कुठल्याशा दुकानात शिवणकाम करणारी तरुण बाई होती. दिवसभर या दोघींचं भांडण तिने ऐकलं होतं. तिला त्यातलं फारसं कळलं नसावं, पण या दोघी याच आजाराच्या जाणकार आहेत एवढं कळलं होतं. ती हळूच म्हणाली, "ताई, तुम्ही यातल्याच ना? या आजारावर लस नाही का हो?"

"अजून नाही," धाकटी म्हणाली.

"एवढे शिकलेले लोक असतात, एवढी मशिनं असतात," ती बाई म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या आवाजात. ती खरोखर विचारत होती. "मग का नाही झाली?"

कुठल्याही प्रश्नाला थोरलीकडे तयार उत्तर असायचं. सभागृह हसेल असं, समोरचा खाली बसेल असं. तिने धाकटीकडे पाहिलं. धाकटीने मान खाली घातली होती आणि ती बोक्याच्या पाठीवरून हात फिरवत होती.

"आम्ही दोघी बोलत नव्हतो ना," थोरली म्हणाली, "म्हणून."

त्या बाईला वाटलं, दमलेल्या म्हातारीने काहीतरी भलतंच ऐकलं. ती कसनुसं हसली आणि मोज्यांची घडी घालायला लागली. आतल्या खोलीचं दार उघडलं, परिचारिका बाहेर आली आणि तिने त्या बाईला खुणेने बोलावलं. बाई उठली. मोजे हातातच होते. दार पुन्हा लागेपर्यंत दोघी जावा तिच्या पाठीकडे बघत राहिल्या.